खोटं बोलायला खाली उतरणारे आबा

इतक्या वर्षांनी पुन्हा ट्रक हातात घेतला आणि पहिल्याच सकाळी मी डिझेलच्या टाकीत युरिया ओतला. अख्खा कॅन. शेवटचा थेंबही वाया जाऊ नये म्हणून कॅन उलटा धरून त्याच्या बुडावर दोन थापाही मारल्या.

बरं, घाईत हात चुकला, अंधार होता, असं काही म्हणावं तर तेही नाही. लख्ख ऊन होतं. डिझेलच्या टाकीला कुलूप होतं. जुडग्यातली एकेक किल्ली लावून बघत, घाम गाळत मी ते कुलूप उघडलं आणि मग ओतला. म्हणजे ही चूक आपोआप झालेली नाही, ती मी कष्टाने केलेली आहे.

हल्लीच्या ट्रकला डिझेलच्या मोठ्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची एक छोटी टाकी असते. तिच्यात युरियाचं पाणी घालतात, त्याने म्हणे धूर साफ होतो. मी ड्रायव्हिंग सोडलं तेव्हा धूर साफ करायची पद्धत नव्हती. धूर काळा असायचा आणि तो मागच्या गाडीवाल्याने खायचा. युरिया कपाशीला घालतात, एवढंच माझं ज्ञान. अशा माणसाला ‘युरिया टाक’ असं कोणी सांगितलं, तर त्याने सरळ विचारावं, ‘कुठे?’ पण तेवढा एक शब्द माझ्या तोंडून फुटेना. कारण आदल्याच दिवशी मी शेठसमोर छाती पुढे काढून म्हणालो होतो, “पोहणं आणि ड्रायव्हिंग माणूस मरेपर्यंत विसरत नाही, शेठ.”

मला पोहता येत नाही, हे शेठला माहीत नव्हतं.

‘युरिया टाक’ म्हणून सांगणारे, आणि सांगून शांतपणे चहा प्यायला गेलेले, ते आबा.

आबा कोण हे सांगायच्या आधी मी तिथे कसा पोचलो ते सांगायला हवं. तरुणपणी मी सुरत-नागपूर रोडवर साड्यांची पार्सलं वाहिली. मग लग्न, मुलं, आणि सासऱ्यांनी घातलेली गळ. ‘घरी राहून काहीतरी करा,’ म्हणून सुरतेतच नवागामला पिठाची गिरणी टाकली. गिरणी छान चालली. खानदेशची माणसं, दोन वेळा भाकरी खाणारी. बाजरी, ज्वारी, कळणा, सगळं दळायला यायचं. मग घरोघरी घरघंट्या आल्या, पाठोपाठ पिठाच्या पिशव्या आल्या, आणि शेवटी गिरणीत मी आणि उंदीर एवढेच उरलो. एका सकाळी भंगारवाला हातगाडीवर गिरणी घालून घेऊन गेला. मी बायकोला म्हटलं, “परत गाडीवर जातो.”

ती साडीला टिकल्या चिकटवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “तुम्हाला आपल्या गल्लीत स्कूटर वळवता येत नाही.”

“ती गल्ली अरुंद आहे.”

“मग ट्रक काय बारीक असतो का?”

तरीही मी चलथाणच्या पुढे हायवेला लागून असलेल्या एका ट्रान्सपोर्टच्या यार्डात जाऊन उभा राहिलो. शेठ गुजराती, माणूस चांगला, पण नव्या गाड्या घेतल्यापासून त्याची झोप उडालेली. माझं लायसन्स उलटसुलट करून त्याने बघितलं, माझं पोट बघितलं आणि म्हणाला, “आबा साथे एक-बे फेरा मारो. आबा हा पाडे तो गाडी तमारी. ना पाडे तो जय श्रीकृष्ण.”

म्हणजे माझं सगळं घर एका म्हाताऱ्याच्या मानेच्या हलण्यावर टांगलेलं होतं. गिरणी तर गेलेली. मान आडवी हलली, तर मला गोडादऱ्याच्या घरी परत जाऊन बायकोच्या शेजारी टिकल्या चिकटवत बसावं लागणार होतं, आणि ती मला तेही धड जमू देणार नव्हती.

आबा शिंदखेड्याकडचे. सत्तरीला टेकलेले, अंगाने काटकुळे, मिशी मात्र दोन माणसांना पुरेल एवढी. मधली काही वर्षं तेही गाडी सोडून गावी शेती करायला गेले होते. तिथे म्हणे बैल त्यांचं ऐकेनात. बैलाला हॉर्न नसतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप. परत येऊन ते गाडीवर बसले ते बसलेच. यार्डातले गुजराती, बिहारी, ओडिया, सगळे त्यांना आबाच म्हणायचे. ते मात्र सगळ्यांशी अहिराणीच बोलत. समोरच्याला कळली नाही तर तीच अहिराणी जरा मोठ्याने बोलत.

त्यांच्या सवयी सांगायच्या तर पहिली चपलेची. गाडीत चढताना चपला काढून पायरीजवळच्या पिशवीत ठेवायच्या. हे बरेच ड्रायव्हर करतात. कॅबिन म्हणजे देवघर, त्यात काही नवल नाही. पण आबांचा नियम त्याच्या पुढचा होता. मला पहिल्याच भेटीत त्यांनी तो सांगितला.

“गाडीमा खोटं बोलानं नही. गाडी आयकस. खोटं बोलनं व्हयी तं खाले उतरी जावानं.”

मला वाटलं, म्हातारा काहीतरी सुविचार सांगतोय. तो सुविचार नव्हता, कामाची पद्धत होती. आबांना खोटं बोलण्याबद्दल काहीच तक्रार नव्हती, ते रोज मनसोक्त बोलत. फक्त त्यासाठी खाली उतरत. घरून आबीचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला, ‘गोळी घेतली का?’ की आबा दार उघडायचे, एकेक पायरी उतरायचे, चपला घालायचे, गाडीपासून चार पावलं लांब जायचे आणि ठणकावून सांगायचे, “लिधी!” मग चपला काढून परत वर. पुढे पुढे मला त्यांच्या फोनवरचं बोलणं ऐकायची गरजच पडेना. पाय बघितले की पुरायचं.

त्या सकाळी आबा चहा पिऊन परत आले. रिकामा कॅन पाहिला. उघडी डिझेलची टाकी पाहिली. निळ्या झाकणावरची न हललेली धूळ पाहिली. मी पुढची कामगिरी करायला, म्हणजे गाडी चालू करायला, वर चढत होतो. आबांनी माझ्या हातातून किल्ली काढून घेतली, शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं. बॉनेटवर हात ठेवून गाडीला म्हणाले, “माय, याले माफ कर. हाऊ नवीन शे.”

त्रेपन्नाव्या वर्षी मला कोणी नवीन म्हटलं, याचा आनंद मानायची ती वेळ नव्हती.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “टाकीनं कुलूप उघाडता उनं, तोंडनं उघाडता उनं नही का? इचारानं ना भाऊ, कोठे टाकू!”

इंजिन चालू झालं असतं तर ते युरियाचं पाणी पंपात, पंपातून पुढे आणि मी सरळ घरी. आता निदान टाकी रिकामी करून धुणं एवढंच होतं. यार्डातला मिस्त्री आला. तो जौनपूरचा. त्याने टाकीत वाकून वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि हात जोडले. पुढचा तासभर मी टाकीखाली बादल्या लावत होतो आणि यार्डातले सगळे ड्रायव्हर आपापल्या गाड्या सोडून माझ्याभोवती बसून चहा पीत होते. कोणाला तरी चहा कमी पडला, तो मीच आणून दिला.

तेवढ्यात शेठचा फोन. आबा तेव्हा तंबाखूची डबी घ्यायला कॅबिनमध्ये चढले होते. त्यांनी फोन उचलला, “थांबा शेठ,” म्हणाले, खाली उतरले, चपला घातल्या, चहाच्या टपरीपर्यंत चालत गेले आणि खोटं शेठला नीट कळावं म्हणून त्या दिवशी चक्क गुजरातीत जाहीर केलं, “हां शेठ, गाडी क्यारनी नीकळी गई. बारडोली बी वटावी गई!”

फोनमधून शेठचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. “आबा, मोबाइलमां तो गाडी यार्डमांज देखाय छे.”

“तो मोबाइल रिपेर करावा.”

नव्या गाड्या कुठे आहेत ते शेठच्या मोबाइलवर दिसायचं, हे आबांना माहीत होतं. पण यंत्राचं ऐकायचं की माणसाचं, हा शेठने ठरवायचा प्रश्न होता, असं त्यांचं मत. शेठने ठरवलं, आणि थोड्याच वेळात तो स्कूटरवर यार्डात हजर झाला. टाकी उघडी, बादल्या भरलेल्या, मी ओला. त्याने विचारलं, “आ कोणे कऱ्युं?”

मी तोंड उघडणार, इतक्यात आबा पुढे झाले. “मी टाकं.”

शेठने आबांकडे पाहिलं नाही. त्याने आबांच्या पायांकडे पाहिलं. आणि म्हणाला, “आबा, चप्पल काढो. पछी बोलो.”

आबा उभे, चपलांसकट. उजव्या पायाचा अंगठा चपलेत जरा वळवळला. “शेठ,” ते म्हणाले, “जमीन तपेल शे. पाय भाजतीन.”

जानेवारी महिना होता. शेठ हसला, मग हसल्याचं लक्षात येऊन गंभीर झाला. माझ्याकडे बोट करून म्हणाला, “चक्कीवाला, धुळियानो एक फेरो. बस एक. कंई पण थयुं, तो चक्की पाछी चालू करजो.”

चक्की भंगारात गेली होती. शेठला तेही माहीत नव्हतं.

आबा माझ्यासाठी खोटं का बोलले, हे मी त्यांना नंतर विचारलं. मला वाटलं होतं काहीतरी मायेचं उत्तर येईल. ते म्हणाले, “तू जाता तं आखो नवा माणूस येता. त्याले परत पहिलापासून सांगनं पडतं, चपला कोठे काढानी.”

दुपारच्या आत आम्ही निघालो. निघताना धर्मकाटा लागतो, म्हणजे भरलेल्या ट्रकचं वजन करायचा जमिनीतला मोठा काटा. तिथे आबांची दुसरी सवय. ट्रक काट्यावर घ्यायच्या आधी आबा स्वतः एकटे चालत काट्यावर जायचे, मधोमध उभे राहायचे, हात जोडायचे आणि आपलं वजन विचारायचे. आता तो काटा उसाचे ट्रक आणि लोखंडाच्या सळया मोजायचा; तो वीस-वीस किलोच्या टप्प्याने पुढे सरकतो. त्यामुळे आबांचं वजन एकतर साठ भरायचं, नाहीतर ऐंशी. मधलं काही नाही. साठ आलं की आबा त्या दिवशी चार भाकऱ्या खायचे, अंगात रक्त नाही म्हणून. ऐंशी आलं की उपास.

त्या दिवशी ऐंशी आलं. खिशात माझ्याकडून काढून घेतलेलं टाकीच्या किल्ल्यांचं जुडगं आणि तंबाखूची भली मोठी डबी होती, तरी ऐंशी म्हणजे ऐंशी. आबीने बांधून दिलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा माझ्या वाट्याला आला. आबांच्या वाट्याला उपास आणि शेजारी मी.

आणि मी आता बदललो होतो. सकाळच्या प्रकाराने माझी अशी तंतरली होती की विचारल्याशिवाय मी श्वास घेत नव्हतो.

“आबा, हे बटण कसलं?”

“पंखा.”

“आबा, हे?”

“एसी.”

एसी चालू होता आणि दोन्ही काचा खाली होत्या. हीसुद्धा आबांचीच रीत. शेठने दिलाय तर एसी बंद का ठेवायचा, आणि देवाने दिलीये तर हवा तरी का अडवायची? मी विचारलं, “आबा, काच वर घेऊ का?” “आबा, गिअर टाकू का?” “आबा, हॉर्न वाजवू का?”

“वाजाड रे बाबा! तुना बापनी गाडी समजीसन वाजाड!”

मी वाजवला. पुढची म्हैस हलली नाही. बारडोलीच्या अलीकडे दोन ट्रॉल्या ऊस ओढणारा ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. त्याचा ड्रायव्हर एका हाताने ऊस खात होता आणि जाताना त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी गिरणीत उंदरांकडे बघायचो त्यातली होती. आबांनी डोळे मिटून घेतले. व्यारा आलं, सोनगड गेलं. मला वाटलं झोपले. म्हणून हळूच विचारलं, “आबा, झोपलात का?”

“आते नही.”

नवापूरच्या पुढे रस्ता डोंगरात शिरायला लागला, तेव्हा माझं लक्ष समोरच्या फळीवरच्या टिकल्यांकडे गेलं. स्टिअरिंगमागे जिथे वेगाचा काटा असतो, तिथे बायका कपाळाला लावतात त्या मरून टिकल्या ओळीने चिकटवलेल्या होत्या. मला वाटलं, हौस. कोणी लिंबू-मिरची बांधतो, कोणी मोरपीस लावतो, आबांनी टिकल्या लावल्यात.

“आबा, या टिकल्या कसल्या?”

आबांनी नाइलाजाने डोळे उघडले. नव्या गाडीत दिवे फार, हे त्यांचं म्हणणं. एक लाल, एक पिवळा, त्यावर कसली कसली चित्रं. काही दिव्यांचा अर्थ त्यांना माहीत होता, ते उघडे ठेवले होते. बाकीच्यांवर आबीच्या पाकिटातली एकेक टिकली.

“ज्याना इलाज आपले माहीत नही,” आबा म्हणाले, “त्यानं तोंड कशाले देखानं?”

हे ऐकून मला फार बरं वाटलं. मी आयुष्यभर हेच करत आलो होतो, फक्त टिकल्या लावायचं सुचलं नव्हतं.

कोंडाईबारीच्या घाटात चढ लागला. गाडी जरा अडखळली, पुन्हा चालली. मी आबांकडे पाहिलं, मग समोर पाहिलं, आणि मला दिसलं की टिकल्यांच्या ओळीत एका टिकलीच्या कडेने उजेड येतोय.

“आबा, तिसरी टिकली पेटली.”

“पेटू दे.”

“आबा, काय असेल ते?”

“काय बी राही. चाल.”

“आबा, सोलून बघू का?”

इथे आबांचा उपास बोलला. त्यांनी मला, माझ्या गिरणीला, माझ्या पिठाला आणि ज्याने मला लायसन्स दिलं त्या साहेबाला जे काही सुनावलं ते सगळं खरं होतं, कारण ते कॅबिनमध्ये बसून बोलत होते. पण माझा हात ऐकेना. वळणापाशी जागा बघून मी गाडी कडेला घेतली आणि नखाने टिकली काढली. खाली पिवळा दिवा, त्यावर एक नळकांडं आणि त्याखाली थेंब. मी मिस्त्रीला फोन लावला आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवला. थेंबाचं वर्णन अर्धं केलं असेल नसेल, तो ओरडला, “अरे बंद कर! इंजन बंद कर पहले! डीजल में पानी है!”

माझंच पाणी होतं. सकाळचं. टाकी दोनदा धुतली तरी कुठेतरी कोपऱ्यात राहिलेलं, आणि आता चढावर सगळं एकत्र होऊन फिल्टरमध्ये उतरलेलं. मिस्त्रीने सांगितलं, फिल्टरच्या बुडाशी एक पेच असतो, तो सैल कर, पाणी सोड, स्वच्छ डिझेल यायला लागलं की आवळ. मी एकेक गोष्ट विचारून, परत विचारून, तिसऱ्यांदा विचारून केली. पेच डावीकडे फिरवायचा का? माझ्या डावीकडे की गाडीच्या? मिस्त्री शेवटी फोनवर रडकुंडीला आला. “भैया, थोड़ी देर और चलाते तो पंप बैठ जाता. ये लाइट देखी किसने? आबा तो बिंदी लगा के रखते हैं!”

आबा कॅबिनमध्ये होते. मी बघत होतो. त्यांनी दार उघडलं. पायऱ्या उतरले. पिशवीतून चपला काढल्या, घातल्या, नीट मागचे पट्टे ओढून घेतले, माझ्या हातातून फोन घेतला आणि घाटाकडे तोंड करून म्हणाले, “मना ध्यानमा उनं.”

मग वर चढले, मागोमाग मीही. टिकल्यांच्या ओळीकडे जरा वेळ बघितलं. मी काढलेली टिकली माझ्या अंगठ्यालाच चिकटलेली होती. ती त्यांनी उचलली, पण परत लावली नाही, खिडकीबाहेर टाकली आणि म्हणाले, “चाल आते. आनि धुळे येवालोक एक शब्द बोलना तं तुले बी खाले उतारसु.”

दहिवेलपर्यंत मी गप्प बसलो. मग विचारलं, “आबा, आता बोललं तर चालेल का?”

धुळ्याला माल उतरवला, परतीचा भरला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही यार्डात शिरलो. शेठ ऑफिसच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. मी गाडी रांगेत लावली. म्हणजे आबा खाली उतरून ‘आनखी, आनखी, बस’ म्हणत होते आणि मी प्रत्येक ‘आनखी’ला ‘किती?’ विचारत होतो. इंजिन बंद केलं. खाली उतरून शेठसमोर उभा राहिलो तेव्हा मनात बायकोच्या टिकल्यांचा डबा दिसत होता.

शेठने मला विचारलंच नाही. आबांना विचारलं, “केम? चक्कीवालाने चलावतां आवडे छे?” म्हणजे, चालवता येतं का.

“नही,” आबा म्हणाले.

शेठने खुर्चीवरून उठत हात झटकले. “तो पछी? ना पाडुं?”

आबांनी खांद्यावरचा पंचा काढला, तोंड पुसलं, मान पुसली, दोन दिवसांचा सगळा घाट पुसून काढला आणि म्हणाले,

“ना नको पाडू शेठ. चालाडता येत नही, पन इचारस. श्वास कमी लेस आनि इचारस जास्ती, असा माणूस गाडी कोठे बी घाली देत नही. याले गाडी द्या. पन दुसरी द्या. मनी गाडीवर परत बसाडा, तं मी गावले जाईसन बैल हाकसु.”